दोरीच्या आतील वाट : राजशिकारी आणि अडविलेले रस्ते

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी मेगॅस्थेनीस हा ग्रीक वकील आला होता. त्याचा मूळ ग्रंथ काळाच्या ओघात नष्ट झाला; परंतु पुढील ग्रीक लेखकांनी त्यातील काही भाग उतरवून घेतल्यामुळे तो आजवर टिकला आहे. त्यात राजाच्या शिकारीच्या स्वारीचे वर्णन आहे. राजाभोवती शस्त्रधारी स्त्रियांचे कडे असे व त्या कड्याबाहेर भालेकरी चालत. पुढे ढोल आणि घंटा वाजत. ज्या रस्त्याने स्वारी जावयाची, त्याच्या दोन्ही बाजूंस दोऱ्या बांधून तो आखलेला असे. दोरी ओलांडून आत स्त्रियांपर्यंत जो जाईल, त्याला देहदंड ठरलेला होता. बंदिस्त रानात राजा मचाणावरून बाण सोडी आणि मोकळ्या रानात हत्तीवरून.

भारतातील राजशिकारीचे हे एक अतिप्राचीन वर्णन, आणि त्यात वाघ-सिंहांच्या आधी येते ती दोरी. ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शिकारीचा इतिहास बहुधा बंदुका, मचाणे, हत्ती आणि भिंतीवर टांगलेली कातडी यांच्या आधारे सांगितला जातो. प्रत्यक्षात मोठी शिकार म्हणजे प्रथम वाटांची व्यवस्था होय. कोणती वाट नवी काढावयाची, कोणती बंद करावयाची, कोणी कोठून आत यावे आणि कोणी त्या दिवशी घराबाहेर पडू नये, हे ठरल्यावाचून कोणत्याही राजाची शिकार झाली नाही. राजासाठी जी वाट मोकळी होई, तीच इतर अनेकांसाठी बंद होई. त्या दिवशी दोरीपलीकडे थांबलेल्या गाडीवानाचे, गुराख्याचे किंवा मोळीविक्या बाईचे नाव मात्र कोणत्याही बखरीत आढळत नाही.

एक दरवाजा आणि एक खंदक

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या व्यवस्थेला शास्त्राचे रूप मिळालेले दिसते. राजाच्या विहारासाठी राखावयाचे मृगवन कसे असावे, हे तेथे नेमके सांगितले आहे. त्याला एकच दरवाजा असावा आणि सभोवती खंदक असावा. आत गोड फळांची झाडे व झुडपे असावीत, काटेरी वृक्ष नसावेत. पाणवठे उथळ असावेत. हिंस्र पशूंची नखे आणि दात आधीच काढलेले असावेत. राजाने मृगयारण्यात जावयाचे ते शिकारी व कुत्रेवाले यांनी चोर, श्वापदे आणि शत्रू यांचे भय दूर केल्यानंतरच, आणि तेही चालत्या लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव व्हावा म्हणून. राजाची स्वारी बाहेर पडे तेव्हा राजमार्गाच्या दोन्ही बाजूंस शस्त्रधारी व दंडधारी पहारेकरी उभे करून मार्ग निर्धोक करावा, असेही त्याच ग्रंथात आहे.

मेगॅस्थेनीसची दोरी आणि कौटिल्याचा एक दरवाजा यांचा अर्थ एकच आहे. जंगल हे मुळात सर्व बाजूंनी मोकळे असते. त्याला दरवाजा नसतो. त्याला दरवाजा बसविणे ही राजसत्तेची खूण होती.

मोगलांच्या काळी हे कडे भिंतीचे न राहता माणसांचे झाले. ‘कमरगाह’ या शिकारीची पद्धत मंगोल परंपरेतून आलेली होती. १५६७ साली लाहोरजवळ अकबराने केलेली कमरगाह इतिहासात प्रसिद्ध आहे. सुमारे ५० हजार माणसांनी महिनाभर चहूकडून रान हाकत आणले आणि घेर हळूहळू आवळत नेला. घेर पुरा झाल्यावर आत प्रथम बादशहा गेला. त्याची शिकार झाल्यावर अमीर-उमरावांना परवानगी मिळाली, त्यानंतर अधिकाऱ्यांना आणि सर्वांत शेवटी सामान्य शिपायांना. दरबारात कोण कोठे उभा राहील याचा जो क्रम, तोच रानात शिरण्याचा क्रम होता.

मात्र अबुल फजल या शिकारींची दुसरीही एक बाजू सांगतो. शिकारीच्या निमित्ताने बादशहा पूर्वसूचना न देता मुलखात फिरतो आणि प्रजेची खरी स्थिती त्याला कळते, असे त्याचे म्हणणे आहे. दरबारी इतिहासकाराच्या या बोलण्यात स्तुतीचा भाग असणारच. तरीही त्यातून एक अपेक्षा उघड होते. राजा रानात आला, तर त्याच्यापर्यंत जाणारी एखादी वाट प्रजेसाठीही उघडी असावी, ही ती अपेक्षा. पुढच्या शतकांत ही वाट किती उघडी राहिली, याची साक्ष संस्थानी शिकारींच्या इतिहासात मिळते.

सिप्रीचे रान

ग्वाल्हेर संस्थानातील शिकार हे या व्यवस्थेचे परिपक्व रूप होते. महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांना यंत्रांची, विशेषतः आगगाडीची, विलक्षण आवड होती. जयविलास प्रासादातील भोजनाच्या मेजावर धावणारी त्यांची चांदीची छोटी आगगाडी आजही पाहुण्यांना दाखविली जाते. वाघाची शिकार हा त्यांचा दुसरा छंद. १९२० साली त्यांनी वाघाच्या शिकारीचे मार्गदर्शन करणारे इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध केले. हे दोन्ही छंद शिवपुरीच्या, म्हणजे त्या काळच्या सिप्रीच्या, रानात एकत्र आले. ग्वाल्हेरहून सिप्रीपर्यंत दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे १८९९ साली सुरू झाली. सिप्री ही संस्थानाची उन्हाळी राजधानी होती. आग्रा-मुंबई हा जुना हमरस्ता याच रानातून जातो. रेल्वे, हमरस्ता आणि दाट जंगल अशी सोय एकाच ठिकाणी असल्यामुळे व्हाइसरॉयपासून लहानमोठ्या गोऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांच्या शिकारी येथे झाल्या. लॉर्ड हार्डिंग यांनी येथे एका दिवसात आठ वाघ मारल्याचे सांगितले जाते.

पाहुणा थोडा काळ येई. तयारी मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होई. मध्य हिंदुस्थानातील हाक्याच्या शिकारीची रीत साधारणपणे पुढीलप्रमाणे होती. वाघाच्या नेहमीच्या ये-जा करण्याच्या जागा, म्हणजे नाले, पाणवठे व डोंगराच्या खिंडी, पाहून ठिकठिकाणी रेडकू बांधले जाई. पहाटे माणसे जाऊन कोठे गारा झाला आहे ते पाहत आणि बातमी छावणीकडे धाडीत. पोट भरलेला वाघ उन्हाच्या वेळी जवळच्याच थंड नाल्यात पडून राहणार, या अंदाजावर सगळा डाव रचला जाई.

येथून वाटांचे शास्त्र सुरू होई. रानाच्या एका टोकाला मचाणे आणि दुसऱ्या टोकाला हाकाऱ्यांची रांग. दोहोंमध्ये वाघाला जाण्यासाठी एकच वाट मोकळी ठेवावयाची आणि बाकीच्या सर्व अडवावयाच्या. यासाठी दोन्ही बाजूंना झाडांवर माणसे बसवीत. या दोन फळ्या मचाणांकडे निमुळत्या होत जात. वाघ बाजूला वळू लागला, तर झाडावरच्या माणसाने बुंध्यावर काठीने हलकेच ठोकावयाचे. ओरडावयाचे नाही, कारण वाघ बिथरला, तर उलटून हाकाऱ्यांच्या अंगावर जाण्याचा धोका असे. काही ठिकाणी झुडपांवर पांढरी फडकी टांगूनही वाट अडवीत. ढोल, डबे आणि आरोळ्या यांचा गलबला होई तो मागच्या बाजूने.

माणसांच्या वाटांचाही असाच बंदोबस्त करावा लागे. मोटारी मचाणांपासून दूर थांबत. पुढचे अंतर पाहुण्यांनी पायी वा हत्तीवरून, वाऱ्याची दिशा पाहून व न बोलता तोडावयाचे. त्या वाटेवरची वाळलेली पाने व काटक्या झाडून काढीत, म्हणजे पायाखाली आवाज होऊ नये. हाका चालू असताना त्या रानातून बैलगाडी गेली, गुरांच्या घंटा वाजल्या किंवा कोणी लाकूड तोडू लागले, तर सारा खटाटोप फुकट जाई. त्यामुळे तेवढा काळ गाडीवाटा आणि पाऊलवाटा बंद ठेवणे ओघानेच आले. बंदुकीची गोळी फार लांब जाते आणि जखमी वाघ कोणत्या बाजूला धावेल याचा नेम नसतो, हेही त्यामागचे खरे कारण होते. सुरक्षिततेसाठी लागणारी बंदी आणि मोठेपणासाठी घातलेली बंदी यांची सरमिसळ मात्र येथेच होई.

या साऱ्या खटपटीच्या व्यर्थतेची एक खूण शिवपुरीच्या रानात अजून उभी आहे. पंचम जॉर्ज बादशहांच्या मुक्कामासाठी उंच टेकडीवर ‘जॉर्ज कॅसल’ नावाची देखणी इमारत बांधण्यात आली. १९११ साली दिल्ली दरबारासाठी बादशहा हिंदुस्थानात आले. परंतु या इमारतीत ते मुक्कामाला राहिलेच नाहीत. टेकडीवर जाणारी वाट मात्र कायम राहिली.

अकरा दिवसांचा रस्ता

दिल्ली दरबारानंतर बादशहा गेले ते नेपाळच्या तराईत. तेथील शिकार रस्त्यांच्या इतिहासात वेगळीच ठरते. नेपाळच्या राणा राज्यकर्त्यांनी तराईचे घनदाट जंगल मुद्दाम बिनरस्त्याचे ठेवले होते. हिवतापाने भरलेले, वाटा नसलेले रान हा त्यांच्या दृष्टीने इंग्रजांविरुद्धचा बिनखर्चाचा तट होता. त्याच रानात १९११च्या डिसेंबरात महाराज चंद्र शमशेर यांनी बादशहांच्या मोटारीसाठी रस्ता तयार करविला. बिहारच्या सरहद्दीवरील भिखना ठोरी या रेल्वे स्थानकापासून चितवनच्या छावणीपर्यंत बादशहांचा प्रवास सुकर झाला. सहाशेहून अधिक हत्ती जमविण्यात आले. गारा सापडला की हत्ती त्या झाडीला वेढा घालीत आणि खांद्याला खांदा भिडेपर्यंत घेर आवळीत. ११ दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले.

हिवाळ्याचा तो पंधरवडा संपताच जंगल पुन्हा मिटले. काठमांडूला बाहेरच्या जगाशी जोडणारा पहिला मोटाररस्ता, म्हणजे त्रिभुवन राजपथ, पुरा व्हावयास १९५६ साल उजाडले. तोपर्यंत राजधानीतील श्रीमंतांच्या मोटारी भरिया लोक खांद्यावर वाहून डोंगरापलीकडे नेत. पाहुण्यासाठी काही आठवड्यांत होऊ शकणारा रस्ता प्रजेसाठी आणखी ४५ वर्षे झाला नाही. ज्याच्या हाती रस्ता उघडणे असते, त्याच्याच हाती तो न उघडणेही असते, हे याहून स्पष्ट कोठे दिसणार!

कायद्यातील पर्यायी वाट

ब्रिटिश अमलाखालील प्रांतांत दोरी आणि भालेकरी यांची जागा परवान्याने घेतली. राखीव जंगलाचे शिकारीसाठी विभाग पाडलेले असत. ठराविक मुदतीसाठी विभाग शिकाऱ्याच्या नावे दिला जाई आणि त्या मुदतीत दुसऱ्याने तेथे बंदूक घेऊन जाऊ नये असा नियम असे. बंदीला आता वेळापत्रक आले.

याच व्यवस्थेतील एक तरतूद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमातील कलम २५ प्रमाणे राखीव जंगलातील सार्वजनिक किंवा खासगी वाट बंद करण्याचा अधिकार वनाधिकाऱ्याला, सरकारच्या पूर्वसंमतीने, आहे. परंतु त्याला एक अट आहे. बंद केलेल्या वाटेऐवजी वाजवी सोयीची दुसरी वाट आधीपासून उपलब्ध असली पाहिजे, किंवा ती करून दिली पाहिजे. ही वाट पुरेशी सोयीची आहे की नाही, हे पुन्हा सरकारनेच ठरवावयाचे. म्हणजे गावकऱ्याच्या हाती फारसे काही आले नाही. तथापि वाट अडविणाऱ्यावर पर्याय देण्याचे बंधन आहे, एवढे तत्त्व कागदावर तरी उमटले. चंद्रगुप्ताच्या दोरीला असे कोणतेही बंधन नव्हते.

संस्थानी रानांत हे तत्त्वही सर्वत्र पोचले नाही. हाकाऱ्यांचे काम कित्येक ठिकाणी वेठीने करून घेतले जाई. ऐन हंगामात शेत सोडून माणसांना रानात उभे राहावे लागे. जखमी जनावराचा पहिला हल्ला त्यांच्यावरच होई. राजपुतान्यातील अलवर संस्थानात राखीव शिकाररानांना ‘रूंध’ म्हणत; अडविणे हा अर्थ त्या शब्दातच आहे. तेथील रानडुकरे रात्री शेतात शिरून पिके फस्त करीत आणि त्यांना मारण्याची शेतकऱ्याला मनाई होती. माणसाला रानात जाण्याची बंदी आणि रानाला शेतात येण्याची मुभा, असा हा उफराटा न्याय होता. १९२०च्या दशकाच्या आरंभी अलवरच्या शेतकऱ्यांनी या जाचाविरुद्ध आवाज उठविला. संस्थानांतील शेतकरी चळवळींच्या मुळाशी सारा आणि वेठ यांच्याबरोबर शिकारीची राखीव राने हेही एक कारण होते, हे विसरता येत नाही.

बंद वाटांनी राखलेले रान

इतिहासाचा हिशेब मात्र सरळ नसतो. ज्या बंदीने प्रजेला जाच झाला, तिनेच पुष्कळ ठिकाणी जंगल राखले. कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूरचे शिकाररान १९५८ साली महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य झाले, ते आजचे राधानगरी अभयारण्य. सिप्रीच्या रानाचे माधव राष्ट्रीय उद्यान झाले. अलवरच्या राखीव रानांतून सरिस्का आले आणि बादशहांच्या शिकारीचे चितवन १९७३ साली नेपाळचे राष्ट्रीय उद्यान झाले. वहिवाटीच्या वाटा बंद होत्या, म्हणून तेथे कुऱ्हाड उशिरा पोचली.

उलट, स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत वाटा सर्वांना खुल्या झाल्या, तेव्हा जंगलाची दैना उडाली. जीपगाडी, प्रखर दिवे आणि सहज मिळणारे परवाने यांमुळे रस्त्याच्या कडेला उभे राहून रात्री शिकार करणे सोपे झाले. पैसे घेऊन परदेशी पाहुण्यांना वाघ मारू देणाऱ्या कंपन्याही निघाल्या. पूर्वी राजासाठी राखलेले रान आता खिशात पैसे असलेल्या कोणाचेही झाले. त्या रानालगत राहणाऱ्यांचे मात्र ते तेव्हाही झाले नाही. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. शिकार संपली, पण वाटांचा प्रश्न संपला नाही. १९७२च्या अधिनियमाने अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध घातले, तरी सार्वजनिक हमरस्त्याने जाणाऱ्याला त्यांतून सूट दिली. पुढील सारा वाद या एका सुटीभोवती फिरतो आहे.

२००९पासून कर्नाटकातील बंदीपूरच्या जंगलातून केरळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत बंद ठेवला जातो. मोजक्या बसगाड्या आणि तातडीची वाहने एवढ्यांनाच मुभा आहे. वायनाडच्या रहिवाशांना हा अन्याय वाटतो, तर वन्यजीवप्रेमींना ही गरज वाटते. वाद न्यायालयापर्यंत गेला आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर, पेंचच्या जंगलात, दुसरा मार्ग काढण्यात आला. तेथे रस्ता उंच उचलून प्राण्यांना खालून जाण्यासाठी मोकळ्या जागा ठेवल्या. कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांत वाघही त्या वाटांनी ये-जा करताना दिसले. कलम २५ मधील पर्यायी वाट येथे प्रथमच जनावराच्या वाट्याला आली, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि शिवपुरी? ज्या रानात पाहुण्यांसाठी वाघांच्या वाटा अडविल्या गेल्या, तेथे पुढे वाघ उरलाच नाही. मार्च २०२३ मध्ये तेथे तीन वाघ बाहेरून आणून सोडावे लागले. मार्च २०२५ मध्ये माधव राष्ट्रीय उद्यानाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि त्याच वेळी वस्तीच्या बाजूने बांधलेल्या १३ किलोमीटर लांबीच्या दगडी भिंतीचे लोकार्पण झाले. कौटिल्याच्या खंदकानंतर बावीसशेहून अधिक वर्षांनी रान आणि गाव यांच्यामध्ये पुन्हा एक तट उभा राहिला. या वेळी तो राजासाठी नाही, एवढा फरक खराच. आणि तो लहान नाही. तथापि भिंतीच्या ज्या बाजूला गुराखी व मोळीविकी बाई उभी आहे, ती बाजू मात्र मेगॅस्थेनीसच्या काळापासून बदललेली नाही. त्यांची जुनी वाट कोठून जात होती आणि तिच्या बदल्यात त्यांना कोणती वाट मिळाली, हा प्रश्न प्रत्येक नव्या बंदीच्या वेळी विचारला जावा, एवढे तरी या दीर्घ इतिहासाने शिकविले आहे.

ग्वाल्हेर आणि माळवा यांच्या दरम्यान मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्या ये-जा चालत आली आहे, ती याच आग्रा-मुंबई रस्त्याने. लग्नकार्ये, शाळांच्या सुट्या, बदल्या, तीर्थयात्रा अशा निमित्तांनी या रानातून गेलेल्यांची गणती नाही. शिवपुरी जवळ आली की दोन्ही बाजूंनी झाडी दाटू लागते, फाटे मागे पडतात आणि मोटारीचा वेग आपोआप मंदावतो. कोणे एके काळी हा रस्ता कोणासाठी तरी अडविला जात असे. आता झाडीतून एखादा वाघ रस्ता ओलांडण्यासाठी पुढे आला, तर थांबण्याची पाळी मोटारीची आहे.